पणजोबांच्या घराचा वासा आणि अकरा पेनं

प्रश्न : मी वडोदऱ्यात, मांजलपूरला राहते. गायकवाडीत आमचे पणजोबा नवसारी प्रांतात नोकरीला होते. तिथलं त्यांचं घर यंदा पाडलं. छपराचे वासे ताडाचे होते, त्यातला दीड फुटाचा तुकडा मी घेऊन आले आणि उत्साहाच्या भरात घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की गणपतीला सगळ्या अकरा भावंडांना या वाशाचं एकेक पेन देईन. माझ्याकडे लाकूड फिरवून गोल करायचा छोटा लेथ आहे. सागाची, शिसवीची पेनं मी छान करते. ताड मात्र दाद देत नाही. वाशाच्या कडेच्या फळीतून तीन पेनं करून पाहिली. पहिल्या वेळी भोक पाडतानाच तुकडा शेवटाला फुटला. दुसरा गोल करताना केसाळ झाला आणि मग त्याची एक कपचीच उडाली. तिसरं पेन पूर्ण झालं, झळकलंही, पण पंधरा दिवसांत टोकाला चीर गेली. काका म्हणतात, "ताड म्हणजे काय लाकूड आहे? घाल चुलीत आणि सागाची पेनं दे, कुणाला कळतंय!" बाबांसाठी तर मला निबाचं पेन करायचं होतं. वरून संखेड्याच्या झोपाळ्यांसारखी लाख चढवली तर भागेल का? की नाद सोडून देऊ?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर :

ताई, नाद सोडू नका. पण गणपतीचा वायदा सोडा आणि सबंध पेन ताडाचं करायचा हट्टही सोडा. या दोन गोष्टी मान्य केल्यात तर अकराच्या अकरा पेनं त्याच तुकड्यातून निघतील. कशी, ते पुढे सांगतो.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. साग दरवर्षी बाहेरून जाड होत जातो, त्याला वलयं असतात. ताड, नारळ, शिंदी ही ज्वारीसारखी एकदल झाडं. त्यांच्या खोडाला वलयं नसतात आणि ते सागासारखं थरावर थर चढवून जाड होत नाही. ज्वारीचं ताट मोडल्यावर मऊ गाभ्यात उभे धागे दिसतात ना, तीच रचना ताडात असते, फक्त धागे काळे आणि अतिशय कठीण. मधला भरणा फिकट, भुसभुशीत आणि पिष्टमय. म्हणजे तुमच्या पटाशीला एकाच फेऱ्यात क्षणात कठीण आणि क्षणात मऊ असं आलटूनपालटून कापावं लागतं. सागाला जो जोर आणि जी धार पुरते ती इथे पुरत नाही, कारण धाग्याला पाठीमागून धरून ठेवणारं काही नसतं. पटाशी लागली की धागा कापला न जाता उपटला जातो. तुमचा दुसरा तुकडा केसाळ झाला तो असा, आणि कपची उडाली तीही अशीच. हात तुमचा चांगला आहे. सागात कमावलेली सवय फक्त इथे उपयोगी पडत नाही.

पण हा दोष सगळ्या खोडात सारखा नसतो. ताडाच्या खोडाचा बाहेरचा भाग दाट आणि गाभा विरळ असतो. नारळाच्या लाकडाची प्रतवारीच या फरकावर होते : घनमीटरला 600 किलोच्या वरचं ते उत्तम आणि 400 किलोच्या खालचं ते हलकं, आणि एकाच खोडात दोन्ही सापडतात. तेव्हा आधी वाशाचं टोक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून उजेडात धरा. वासा खोड चिरून काढलेला असल्याने त्याची एक बाजू बाहेरची, थोडी फुगीर असेल. तिथे काळे ठिपके एकमेकांना खेटून दिसतील. आत जाल तसे ते विरळ होतील आणि मधली फिकट जागा वाढत जाईल. जिथे दोन ठिपक्यांमधली फट ठिपक्यापेक्षा रुंद होते, तिथे पेन्सिलीने रेघ मारा. रेघेच्या आतलं लाकूड पेनाच्या कामाचं नाही, त्याचा मोह धरू नका. तुमच्या तीनपैकी निदान एक तुकडा या रेघेच्या आतला असणार असा माझा अंदाज आहे.

कापण्याआधी वाशावरून लोहचुंबक फिरवा. जुन्या वाशात मोडलेले खिळे राहिलेले असतात आणि एक खिळा करवतीचं पातं खाऊन टाकतो. भुंग्यांची भोकंही पाहा. पिष्टामुळे ताडाला कीड लवकर लागते. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून ताजी, मैद्यासारखी भुकटी गळत असेल तर तो भाग बाजूला काढा.

आता हिशेब. दीड फूट म्हणजे साधारण 450 मिलिमीटर. दोन भागांच्या पेनाला लाकडाच्या आत पितळेची एक नळी वर आणि एक खाली लागते. माझा सल्ला असा, की ताड फक्त वरच्या भागाला वापरा आणि खालचा, बोटांनी धरायचा भाग सागाचा किंवा शिसवीचा करा. एका वरच्या भागाला फुटायची मुभा धरून 80 मिलिमीटर तुकडा लागेल. म्हणजे एका पट्टीतून पाच आणि तीन पट्ट्यांतून पंधरा. अकरा पेनं होऊन चार तुकडे उरतात, एक बाबांच्या पेनाला आणि तीन राखीव. सबंध पेन ताडाचं करायला गेलात तर लाकूड दुप्पट लागेल आणि एक तुकडा फुटला की अख्खं पेन गेलं. शिवाय बोटांचा घाम लागतो तो खालच्या भागाला, आणि साग तो वर्षानुवर्षं सोसतो. त्याच घराच्या दाराची किंवा खिडकीची सागाची चौकट कुणाकडे पडून असेल तर मागून घ्या. मग पेनाचे दोन्ही भाग त्याच घरचे होतील.

तिसऱ्या पेनाची चीर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण त्यात तुमच्या हातून कापण्यात काही बिघडलेलं नाही. तिथे दोन कारणं एकत्र आली आहेत. पहिलं, ओल. वासा जुना असला तरी पावसाळ्यात हवेतली ओल पुन्हा पितो. त्यात पितळेची नळी चिकटवली, पुढे लाकूड सुकून आकसलं आणि नळी मात्र आहे तेवढीच राहिली. मग लाकडाला फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरं, जाडी. तुम्ही 7 मिलिमीटरचा बारीक, नेहमीचा किट, म्हणजे पेनाच्या सुट्या भागांचा तयार संच, वापरला असणार. कॅलिपर घ्या, बुशचा, म्हणजे लेथवर तुकड्याच्या टोकाला बसणाऱ्या मापाच्या कडीचा, व्यास मोजा, त्यातून नळीचा व्यास वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. टोकाला लाकडाची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरेल. साग तेवढ्यात टिकतो. ताडाच्या काळ्या धाग्याचीच जाडी त्या मापाच्या जवळपास जाते, म्हणजे टोकाला एका धाग्याची ओळ राहते आणि तिला शेजारून आधारच नसतो. तेव्हा सिगार पद्धतीचा, 10 मिलिमीटर भोकाचा जाड किट घ्या. बुश आणि नळीमधला फरक जिथे जास्त तो किट ताडासाठी बरा, एवढं पाहून निवडलंत तरी चालेल.

ओल काढायला घरगुती उपाय पुरतो. पट्ट्या कापून एका लाकडी खोक्यात जाळीवर ठेवा, खाली जुन्या पद्धतीचा, तापणारा 40 वॉटचा पिवळा बल्ब लावा आणि खोक्याला वरून चार भोकं पाडा. बल्बला लाकूड टेकू देऊ नका आणि घरी कुणी नसताना तो चालू ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर प्रत्येक पट्टीचं वजन करून पट्टीवरच लिहून ठेवा. सलग आठवडाभर वजन हललं नाही की लाकूड तयार. मग ते सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि काम असेल तेव्हाच बाहेर काढा. वडोदऱ्याच्या श्रावण-भाद्रपदाच्या हवेत उघड्यावर ठेवलेलं लाकूड तुमची सगळी मेहनत पाण्यात घालील. म्हणूनच म्हणतो, गणपती सोडा, दिवाळी धरा.

भोक पाडण्याआधी तुकड्याच्या दोन्ही टोकांना पातळ सुपरग्लू पाजा, पाण्यासारखा वाहणारा. जेल नको, तो वरच बसतो. धागे तो केशाकर्षणाने आत ओढून घेतात. पहिला हात सुकला की दुसरा द्या. ताडाशी जमवून घ्यायचं ते इथेच : आधी बांधा, मग कापा. बिट नवं किंवा नीट धार लावलेलं हवं. मकरपुऱ्याच्या एखाद्या मशीनशॉपमध्ये ओळख असेल तर धार तिथूनच लावून आणा, कारण ताडाच्या जातीच्या लाकडात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते धार पाहता पाहता खातात. आधी सेंटर ड्रिलने छोटी खूण करा, नाहीतर बिट कठीण धाग्यावरून घसरून मऊ बाजूला पळतं आणि भोक तिरकं जातं. वेग कमी, मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास. पाच-सहा मिलिमीटर आत गेलं की बिट बाहेर काढून भुसा झाडा. हात लावून पाहा, बिट चटका देत असेल तर थांबा. आणि आरपार भोक पाडूच नका. 80 मिलिमीटरचा तुकडा आहे, नळीपुरतं खोल जा आणि उरलेलं बंद टोक करवतीने कापून टाका. पहिला तुकडा फुटला तो बिट बाहेर पडताना. बाहेर पडायला जागाच ठेवली नाही तर फुटणार कुठून?

नळी चिकटवण्याआधी ती पॉलिश पेपरने खरवडा आणि काळ्या रंगाने रंगवा. सुपरग्लू प्यायलेला ताडाचा फिकट भाग थोडा पारदर्शक होतो आणि पितळ पिवळ्या डागासारखं खालून डोकावतं. भोक पाडल्यावर तुकडा पूर्ण थंड होऊ द्या. नळीला एराल्डाइट, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरा, त्यात चिमूटभर काळा रंग घाला आणि रात्रभर राहू द्या. सागाला तुम्ही टोकं सपाट करायला दातऱ्याचं ट्रिमर वापरत असाल. ताडाला ते लावू नका, ते टोकाचे धागे ओढून बाहेर काढतं. सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, नळीत बसणारी सरळ सळई काटकोनात धरून टोक त्यावर घासा. वेळ लागतो, पण टोक शाबूत राहतं.

लेथवर चढवण्याआधी चौकोनी तुकड्याचे कोपरे घासून अठकोनी करा. कपच्या उडतात त्या बहुतेक कोपऱ्यांच्याच. वेग चांगला ठेवा, 2000च्या वर. तिरप्या धारेची पटाशी, म्हणजे स्क्यू, आणि तिला निसण्यावर इतकी धार, की अंगठ्याच्या नखावर टेकवली तर घसरू नये. खरवडायचं नाही, धार तिरपी ठेवून सोलत जायचं. तुकडा नुसता गोल झाला की लेथ थांबवा आणि सगळ्या अंगाला पातळ सुपरग्लू पाजा. सुकू द्या. एक मिलिमीटर उतरवा, पुन्हा पाजा. तो फार खोल जात नाही, म्हणून एकदाच ओतून भागत नाही. दर दोन पाजण्यांमध्ये पटाशी निसण्यावर फिरवा. सागाच्या मानाने कंटाळवाणं वाटेल असं हे काम आहे, पण तिसऱ्या पाजणीनंतर पटाशीखालून भुशाऐवजी लांब, अखंड ढलपी सुटायला लागते आणि पृष्ठभागावर काळ्या रेघा स्वच्छ उमटतात. ती ढलपी दिसली की समजा, ताड बांधला गेला.

सुपरग्लू झटपट सुकवणारा फवारा ताडावर मारू नका, आत अडकलेला द्रव फेसाळून पांढरा पडतो. आणि ही काळजी मी कळकळीने सांगतो : सुपरग्लू सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो चटकन तापतो, इतका की कातडी भाजते. सुती हातमोजे, ओढणी, पदर, कापसाचा बोळा यातलं काही जवळ नको. पुसायला टिश्यू पेपर घ्या. वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी, पंखा पाठीमागून आणि डोळ्यांवर चष्मा. ताडाची कूस सुईसारखी असते आणि आत राहिली तर पिकते, तेव्हा कापताना आणि घासताना मास्क बांधा, लगेच चिमट्याने काढता येईल असा उजेड ठेवा.

घासण्यात संयम हवा. कागद जास्त चालवला की मऊ भरणा झिजतो, कठीण धागे वर उरतात आणि बोटाला खवले लागतात. म्हणून आकार पटाशीनेच आणा, कागद फक्त शेवटच्या हातासाठी, 320पासून 600पर्यंत. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने एकदा घासा आणि काळी पूड ब्रशने किंवा हवेच्या फुंकणीने उडवून द्या, नाहीतर ती फिकट भागात बसते आणि सगळं पेन मळकट दिसतं. खड्डे लाकडाच्या भुशाने भरू नका, तो डाग कायमचा राहतो. बारीक खड्ड्यात सुपरग्लूचे थेंब भरा आणि नंतर सपाट करा.

लाखेचा विचार तुम्हाला सुचला याचा मला आनंद झाला. संखेडा वडोदऱ्यापासून फार लांब नाही, 2013पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलंय एवढंच. तिथले खरादी फिरत्या सागाच्या कामावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि तो झोपाळ्याच्या पायांवरचा रंग आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जाऊन ते काम चालू असताना पाहावंच. पण तुमच्या पेनाला लाख नको. ती उष्णतेने मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते. हाताला सॅनिटायझर लावून कुणी पेन उचललं की डाग पडला. आणि खाली भुसभुशीत भरणा तसाच राहिला तर लाखेने धाग्यांना बांधणी मिळत नाही, नुसतं झाकण मिळतं. शेवटचं अस्तरही सुपरग्लूचंच करा, टिश्यू पेपरने सहा-आठ पातळ थर. हे थर सुकल्यावर पाण्याने ओल्या केलेल्या पॉलिश पेपरने घासाल, त्याआधी दोन्ही टोकंही सुपरग्लूने बंद करा, नाहीतर पाणी टोकातून आत शिरून महिनाभर वाळवलेलं लाकूड पुन्हा ओलं होईल. सागाच्या खालच्या भागाला मात्र हवी तर लाख लावून पाहा, तिथे ती शोभेल.

बाबांचं निबाचं पेन वेगळं करा. ताडात आटे पाडू नका, एका आट्यात दोन धागे आणि एक मऊ पट्टा येतो आणि तिसऱ्यांदा टोपण फिरवताना आटा ढासळतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीला 1930च्या दशकापासून हातलेथवर पेनं करणाऱ्या रत्नमवाल्यांनी एबोनाइट धरलं, ते उगाच नाही. गंधकाने कठीण केलेलं ते रबर आटा धरून ठेवतं आणि शाईला दाद देत नाही. तुम्ही धातूचे आटे असलेला निबाचा किट घ्या, टोपण ताडाचं आणि दांडी शिसवीची करा. शाई कधी लाकडाला लागणार नाही आणि बाबा लिहायला बसले की ताड त्यांच्या समोरच टेबलावर असेल. हे पेन सगळ्यात आधी करायला जाऊ नका. चार-पाच भावंडांची झाली, की हात बसलेला असेल, तेव्हा करा. दाट ठिपक्यांचा सगळ्यात चांगला तुकडा मात्र आजच त्यांच्यासाठी बाजूला ठेवून त्यावर खूण करा.

राहिला ग्रुपवरचा वायदा. "कुणाला कळतंय" म्हणून सागाची पेनं ताडाची म्हणून देण्याचा विचार मनात आणू नका. सगळ्यांना कळणार नाही हे खरं, पण तुम्ही जे द्यायला निघालात ते त्या घराचं लाकूड आहे, बाकी पेनं तर बाजारातही मिळतात. आज संध्याकाळी ग्रुपवर दोन ओळी लिहा : लाकूड पावसाळ्यात ओलं आहे, पेनं दिवाळीला देईन, वरचा भाग वाशाचा आणि खालचा सागाचा असेल. सोबत ठिपक्यांच्या टोकाचा फोटो टाका. कुणी कुरकुर करणार नाही. उलट सागाची चौकट कुणाकडे आहे हे त्याच रात्री कळेल. काकांना खोक्याच्या बल्बची आणि पट्ट्यांच्या वजनांची जबाबदारी द्या. ताडाला नावं ठेवणारा माणूस रोज त्याचं वजन करायला लागला की महिनाभरात तोच बाकीच्यांना ताड समजावून सांगेल.

गाभ्याकडचं जे लाकूड पेनाला चालणार नाही, तेही काकांच्या चुलीत जाऊ देऊ नका. त्यावर सुपरग्लू पाजायचा आणि धार लावायचा सराव करा. पहिले दोन-तीन तुकडे तिथेच फुटू द्यात, बाहेरच्या पट्टीला तोपर्यंत हात लावू नका.